दहावीचा वर्ग पहिल्यांदाच घेताय, म्हणून सांगते

मॅडम, वर्गात धडाधड उत्तरं देणारी मुलगी पूर्वपरीक्षेत कोरी बसली, तर "अभ्यास केला नाहीस" असं लगेच म्हणू नका. भीतीनं मन भरलं की आकडेमोड करायला, वाक्य जुळवायला डोक्यात जागाच उरत नाही. पाठ असलेलंही हाताशी येत नाही. थोडी धाकधूक मात्र चांगली, ती घालवायच्या मागे लागू नका.

माझा भर सरावावर असतो. पूर्ण वेळ लावून, अनोळखी वर्गात, अनोळखी पर्यवेक्षकासमोर पेपर सोडवून घ्या. नुसतं वाचत बसण्यापेक्षा न बघता आठवून लिहिणं कितीतरी उपयोगी. पेपरआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवायला सांगा. अमेरिकेत 2011 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घाबरणाऱ्या मुलांचे गुण यानं वाढले होते. तो कागद आपण वाचायचा नाही, हे फार महत्त्वाचं.

पालकसभेत निकालानंतर लवकरच होणाऱ्या पुरवणी परीक्षेची माहिती आवर्जून द्या. वर्ष वाया जात नाही हे कित्येक घरांना ठाऊकच नसतं. झोप उडाली, जेवण सुटलं, जगण्याबद्दल निराशेचं बोलणं आलं, तर थांबू नका. त्याच दिवशी समुपदेशकाला आणि पालकांना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक फळ्यावर कायम लिहिलेला असू द्या.