फुटबॉलमध्ये मिडफिल्डर व्हायचंय ना? मग आधी मान फिरव

बाबू, तुझ्या पायात जोर आहे, पण बॉल आल्यावर तू वर पाहतोस. तोवर उशीर झालेला असतो. मिडफिल्डरने, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात खेळणाऱ्याने, पास येण्याआधीच डाव्या-उजव्या खांद्यावरून मागे पाहून घ्यायचं. मग अंग अर्धं वळवून लांबच्या पायाने, म्हणजे बॉल येतो त्या बाजूपासून दूरच्या पायाने, बॉल घ्यायचा, म्हणजे पहिल्याच टचमध्ये पुढचं मैदान उघडतं. शाळेच्या भिंतीवर बॉल मार, तो परत येईपर्यंत दोनदा मागे पाहा. दोन्ही पायांनी. आपल्या काळ्या मातीच्या मैदानावर बॉल वेडावाकडा उसळतो, त्याचा राग नको करू. तिथे जमलेला टच सपाट गवतावर सोपा वाटतो.

मोठ्या सामन्यात मिडफिल्डर दहा-बारा किलोमीटर पळतो, म्हणून दम हवाच. पण मे महिन्यात दुपारी पळू नको रे बाप्पा! पहाटेच जा. घरचं भाकर-वरण, फुटाणे, अंडी भरपूर खा.

उंचीचं तर मनातून काढूनच टाक. क्रोएशियाचा मिडफिल्डर लुका मॉड्रिच काही धिप्पाड नाही, तरी 2018 चा बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्यानेच नेला.

शाळेकडून सुब्रतो कप, म्हणजे देशभरातल्या शाळांची फुटबॉल स्पर्धा, खेळ, मग नागपूरच्या क्लबांच्या निवड चाचण्या दे. जन्मदाखला, आधार एकसारखे करून ठेव. वयाच्या कागदांत घोळ असला की चांगली पोट्टी घरी बसतात. पैसे मागून 'सिलेक्शन पक्कं' म्हणणाऱ्याला दारात उभं करू नको. आणि बारावी सोडू नको. गुडघा गेला तर करिअर तिथेच थांबतं, अन् खेळाडू कोट्यातल्या नोकरीलाही शिक्षण लागतंच.