सगळे म्हणतात टेस्ट ट्यूब करा

“ताई, लग्नाला पाच वर्षं झाली. घरचे म्हणतात टेस्ट ट्यूब करा. फादर म्हणतात, चर्चला ते मान्य नाही. मग आम्ही काय, नुसतं हातावर हात ठेवून बसायचं?”

समुपदेशनाला आलेल्या जोडप्यातला हा प्रश्न तिचा होता. नवरा शेजारी मान खाली घालून बसलेला. तो कुपवाडच्या एमआयडीसीत फाउंड्रीत भट्टीवर, ती शाळेत शिक्षिका. वयं ३६ आणि ३१. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि एकापेक्षा जास्त जोडप्यांचे अनुभव एकत्र केले आहेत.) तिचं माहेर श्रीरामपूरकडचं, तीन पिढ्या कॅथलिक. सांगली-मिरजेत ख्रिस्ती म्हटलं की लोकांना मिरजेचं मिशन हॉस्पिटल आणि प्रॉटेस्टंट मंडळीच आठवतात. कॅथलिक घरं मोजकी. त्यामुळे हा ‘नकार’ तिला स्टाफरूमपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना समजावून सांगावा लागतो, आणि समोरून एकच उत्तर येतं: “अगं, त्यात कसलं आलंय पाप? आमच्या पुतणीला जुळी झाली.”

तिच्या वाक्यातला शेवटचा भाग महत्त्वाचा. ‘चर्च नाही म्हणतं’ याचा अर्थ बहुतेक जोडपी ‘उपचारच करायचे नाहीत’ असा घेतात. गाठ तिथेच बसते. चर्चचा आक्षेप वंध्यत्वाच्या उपचारांना नाही. व्हॅटिकनच्या १९८७ च्या ‘डोनुम व्हिते’ आणि २००८ च्या ‘डिग्निटास पेर्सोने’ या दोन्ही दस्तऐवजांत रेघ एकाच ठिकाणी ओढली आहे. नवरा-बायकोच्या संबंधाला मदत करणारा उपचार चालतो, त्या संबंधाची जागा घेणारा चालत नाही. अंडं तयार होण्यासाठी गोळ्या, थायरॉइडचा उपचार, दुर्बिणीतून गाठी काढणं, बंद नळी मोकळी करणं, पुरुषाच्या शिरांचं ऑपरेशन, क्षयाचं औषध, हे सगळं रेघेच्या अलीकडे. प्रयोगशाळेत गर्भ तयार करणं पलीकडे, आणि दात्याचं बीज किंवा उसनं गर्भाशय तर फारच पलीकडे, कारण तिथे लग्नात तिसरं माणूस येतं. आययूआय (वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडणं) ज्या पद्धतीने सर्रास केली जाते, तीही पलीकडेच पडते.

आयव्हीएफला, म्हणजे टेस्ट ट्यूबला, विरोध का, हे तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं. “ते कृत्रिम आहे म्हणून” एवढंच ऐकलेलं. तसं असतं तर चष्मा आणि सिझेरियनही बसले नसते. एका वेळी अनेक गर्भ तयार होतात, एखाद-दुसरा गर्भाशयात सोडतात, बाकीचे गोठवले जातात. आपल्याकडच्या २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार ते जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. पुढे नष्ट होऊ द्यायचे किंवा संमतीने संशोधनाला द्यायचे. चर्चच्या नजरेत त्या नळीत माणसाचं आयुष्य सुरू झालेलं आहे. ही बाजू कळल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हे मला नणंदेला सांगता येईल.” पटेल की नाही हा वेगळा प्रश्न, पण ‘फादर नको म्हणतात’ यापेक्षा हे उत्तर तिचं स्वतःचं होतं.

यानंतर फाइल मागितली. समुपदेशक डॉक्टर नसतो, औषध बदलणं त्याचं काम नाही. पण तपासण्यांच्या तारखा वाचता येतात, आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून देता येतात. या फाइलमध्ये एका सेंटरचं आयव्हीएफचं पॅकेज होतं, लाखाच्या पुढचं. त्याआधीची तपासणी मात्र अर्धीमुर्धी.

तिची पाळी ३४ दिवसांची. प्रोजेस्टेरॉनची (अंडं फुटल्यावर वाढणाऱ्या संप्रेरकाची) रक्ततपासणी २१ व्या दिवशी केलेली, आकडा कमी, आणि शेरा ‘अंडं फुटत नाही’. २१ वा दिवस हा २८ दिवसांच्या पाळीचा हिशेब आहे. अंडं साधारणपणे पुढची पाळी यायच्या १४ दिवस आधी फुटतं, म्हणजे तिचं २० व्या दिवसाच्या आसपास. तपासणी त्यानंतर सात दिवसांनी, २७ व्या दिवशी हवी होती. अंडं फुटून जेमतेम एक दिवस झालेला असताना रक्त घेतलं तर आकडा कमीच दिसणार. मोबाइलवरचं ॲपही तिला चौदावा दिवस दाखवत होतं, आणि दोन वर्षं दोघं त्या भरवशावर.

इथे बिलिंग्ज पद्धत उपयोगी पडते. ऑस्ट्रेलियातल्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दाम्पत्याची ही पद्धत कॅथलिक लग्नतयारीच्या वर्गात शिकवतात, पण पाळणा लांबवण्यासाठी. ती उलटीही वापरता येते, हे बऱ्याच जणींच्या लक्षात येत नाही. रोज रात्री झोपताना दिवसभराचा स्राव कसा होता ते एका ओळीत लिहायचं: कोरडं, चिकट, ओलसर, की कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं निसरडं, ताणलं तर तार येणारं. निसरडेपणाचा शेवटचा दिवस अंडं फुटण्याच्या अगदी जवळचा. गर्भ राहू शकतो असे दिवस एकूण सहाच, अंडं फुटण्याचा दिवस धरून. त्या दिवसांत एक-दोन दिवसांआड संबंध पुरे. चुका ठरलेल्या असतात: संबंधानंतरचा ओलावा स्राव म्हणून लिहिला जातो, किंवा पहिल्या महिन्यातच कंटाळा येतो. तीन पाळ्या नोंदल्याशिवाय काही ठरवू नये. तिच्या दुसऱ्या महिन्याच्या वहीतून आणखी एक गोष्ट दिसली. नेमक्या त्या आठवड्यात नवऱ्याची रात्रपाळी होती.

आता नवऱ्याकडे. वीर्यतपासणी एकदाच झालेली, त्यात शुक्राणू एका मिलिलिटरला ९० लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाखांची आहे. एका तपासणीवर निकाल देऊ नये, हा साधा नियम. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून आजच्या नमुन्यात अडीच महिन्यांपूर्वीचं दुखणं दिसतं. चौकशीत कळलं, त्या तपासणीच्या दोन महिने आधी त्याला कडक ताप येऊन गेला होता. शिवाय वर्षानुवर्षं भट्टीसमोर उभं राहणं. अंडकोष शरीराबाहेर असतात ते थंड राहण्यासाठीच. रोजची उष्णता तिथे मारक ठरते. आणि मावा. सांगली-कोल्हापूरकडच्या पुरुषांना तंबाखू खाता का विचारलं तर “नाही” म्हणतात, कारण मावा हा तंबाखू आहे असं त्यांना वाटतच नाही. नाव घेऊन विचारावं लागतं. दिवसाला चार पुड्या निघाल्या.

दुसरी तपासणी तीन महिन्यांनी करायची ठरली, आणि नमुना कसा द्यायचा हा प्रश्न आला. लॅबमधल्या बाथरूममध्ये हस्तमैथुन करून नमुना देणं चर्चच्या शिकवणीत बसत नाही, आणि हे विचारायची लाज फादरकडेही वाटते, डॉक्टरकडेही. वाट आहे. शुक्राणूंना मारक नसलेला, खास याच कामासाठीचा कंडोम मिळतो. त्याला सुईने बारीक भोक पाडून घरी नेहमीसारखा संबंध ठेवायचा आणि आत राहिलेलं वीर्य निर्जंतुक डबीत द्यायचं. भोक यासाठी की तो संबंध संततीला बंद केलेला राहत नाही. औषधाच्या दुकानातला साधा लेटेक्स कंडोम अजिबात वापरू नये, त्यातल्या रसायनांनी शुक्राणू मरतात आणि अहवाल उगाच खराब येतो. आधी दोन ते सात दिवस संयम हवा. डबी खिशात अंगाच्या उबेला ठेवून तासाभरात लॅबमध्ये पोचवायची. फ्रिजमध्ये नाही, गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही. घरचा नमुना घेतात का, हे लॅबला आदल्या दिवशीच विचारावं. काही लॅब परत पाठवतात.

हे सगळं कागदावर सोपं दिसतं. घरात सोपं नव्हतं.

सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनी हरेगावच्या मतमाउलीला (मारिया मातेला) नवस बोलला होता, आणि सप्टेंबरच्या यात्रेहून आल्यावर दर महिन्याला त्यांचे डोळे सुनेच्या पोटाकडे. आत्याबाई मात्र थेट बोलल्या: मूल होत नसेल तर लग्न मोडता येतं, चर्चमध्ये अर्ज करा. हे साफ चूक आहे. चर्चच्या कायद्यातल्या कॅनन १०८४ च्या तिसऱ्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की वंध्यत्वामुळे लग्नाला बंदी येत नाही आणि लग्न अवैधही ठरत नाही. अपवाद एकच, लग्नाआधी माहीत असून जोडीदाराला फसवलं असेल तर. इथे तसं काही नव्हतं. हे कलम नवऱ्याने आत्याबाईंना वाचून दाखवावं असं ठरलं. तिने नाही. नवऱ्याच्या नातेवाइकांना नवऱ्यानेच तोंड द्यायचं, ही अट आम्ही जवळजवळ प्रत्येक जोडप्याला घालतो, कारण सुनेच्या तोंडचं तेच वाक्य उर्मटपणा ठरतं. बाकीच्यांसाठी एक वाक्य पाठ करून ठेवलं: “उपचार चालू आहेत, सांगण्यासारखं झालं की आम्हीच सांगू.” ‘आत्ता नको म्हणून थांबलोय’ असली थाप मारू नये. ती दुसऱ्या महिन्यात उघडी पडते, आणि मग खऱ्या उत्तरावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

देवळातला त्रास वेगळा. रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) बाप्तिस्मा असला की तिला रडू फुटायचं, म्हणून तिने मिस्साच चुकवायला सुरुवात केली होती. बारशाच्या जेवणाला न जाण्यात काही गैर नाही, पाकीट पाठवावं आणि घरी राहावं. मिस्सा मात्र सोडू नये, हवं तर मागच्या बाकावर बसून आशीर्वाद झाला की निघावं. फादरांशीही नवराच बोलला. सगळ्यांसमोर ‘यांच्या घरी पाळणा हलू दे’ अशी प्रार्थना करू नका, एवढीच विनंती. फादरांना वाईट वाटलं. त्यांना वाटत होतं, आपण धीर देतोय.

तिसऱ्या भेटीत खरी गोष्ट बाहेर आली. नवऱ्याला आयव्हीएफ करायचं होतं. “दोष माझ्यात आहे, तिला का शिक्षा?” असं तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मान वर करून बोलला. अशा वेळी समुपदेशकाने फादर होऊ नये. शिकवण काय आहे हे सांगायचं, तिचं कारण सांगायचं, आणि निर्णय त्या दोघांच्या सद्सद्विवेकावर सोडायचा. सोडायचा म्हणजे ‘तुम्हाला वाटेल ते’ असंही नाही. अपुऱ्या तपासणीवर, नणंदेच्या धाकाने आणि अपराधी वाटतं म्हणून घेतलेला निर्णय विवेकाचा नसतो. त्याला एक गोष्ट मुद्दाम सांगितली. ज्यांनी हा मार्ग घेतला त्यांच्यासाठी पापनिवेदनाचं दार बंद नाही, आणि असं जन्मलेलं मूल चर्चला कमी दर्जाचं नाही. ‘डोनुम व्हिते’मध्येच लिहिलं आहे की जगात आलेलं प्रत्येक मूल देवाच्या चांगुलपणाचं जिवंत दान म्हणून स्वीकारायचं. हे ऐकल्यावर त्याचा हट्ट वाढेल असं वाटलं होतं. उलट तो सैल झाला. तीन महिने थांबायला तयार झाला.

मालकाला विनंती करून त्याने भट्टीवरून माल-तपासणीवर बदली घेतली. पगारात ओव्हरटाइमचे पैसे गेले. मावा चारावरून एकावर आला, सुटला नाही. दुसऱ्या तपासणीत आकडा १ कोटी ७० लाख. २७ व्या दिवसाच्या रक्ततपासणीत अंडं फुटत असल्याचं दिसलं. डॉक्टरांनी क्षयाची तपासणीही करून घेतली, कारण आपल्याकडे नळ्या खराब होण्यामागे तो बरेचदा लपलेला असतो. ती स्वच्छ निघाली. तरी गर्भ राहिलेला नाही.

मग मुदत ठरवली, कारण मुदत नसलेला उपचार घर खाऊन टाकतो. वहीतल्या नोंदींसह आणखी १२ पाळ्या, त्यापुढे डॉक्टरांकडून नवीन काही सांगण्यासारखं नसेल तर थांबायचं. आणि दत्तकाची नोंदणी त्या १२ महिन्यांनंतर नाही, आत्ताच. रांग तीन-तीन वर्षांची असते, आणि उपचार चालू असताना नाव नोंदवायला आडकाठी नाही.

“आपल्यात दत्तक चालत नाही,” सासूबाई म्हणाल्या. हे त्यांच्या तरुणपणी बरंचसं खरं होतं. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी. ख्रिस्ती जोडप्याला १८९० च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं, मूल कायद्याने त्यांचं व्हायचं नाही. आता बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या जोडप्याला पूर्ण दत्तक घेता येतं; सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केलं. नोंदणी ‘कारा’च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संस्थेच्या, संकेतस्थळावर. लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत, दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर दोघांच्या वयांची बेरीज ८५ च्या आत हवी, यांची ६७. जन्मदाखले, लग्नाचा दाखला, उत्पन्न आणि आरोग्याचे दाखले ३० दिवसांत चढवायचे. मग सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन गृहभेट अहवाल करतो. मूल सुचवलं गेलं की ४८ तासांत राखून ठेवावं लागतं, म्हणून मोबाइल नंबर आणि ईमेल बदलू नये. इथे लोक हमखास चुकतात. शेवटचा आदेश आता न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

सासूबाईंचा पुढचा प्रश्न बाप्तिस्म्याचा होता: नोंदवहीत बापाचं नाव कुणाचं लिहायचं? कॅनन ८७७ मध्ये तेही आहे, दत्तक घेणाऱ्यांची नावं नोंदवली जातात. त्यांनी ते नातवाच्या हिशेबाने दोनदा विचारून घेतलं, आणि मग विचारलं, घरी तपासायला माणूस येणार आहे तो कोणत्या वारी येईल, कारण शुक्रवारी त्यांच्याकडे मटण नसतं.