टिंबक्टू खरंच आहे का आणि फिरायला जाता येईल का?

हो, आहे ना, पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात, सहाराच्या अगदी तोंडाशी, नायजर नदीपासून जेमतेम १५-२० किमीवर. पण सध्या जाऊ नका प्लीज, २०१२ पासून तिथे सशस्त्र गटांचा धोका आहे, रस्ताही सेफ नाही आणि नदीही. पुढेमागे शांतता झाली तर जिंगरेबेर मशीद नक्की बघा, १३२७ च्या सुमाराची, मातीच्या भिंतीतून लाकडी दांडके बाहेर आलेले दिसतात, त्यांवरच चढून लोक नवा गिलावा करतात. उत्तरेच्या खाणीतल्या मिठाच्या लाद्या उंटांवरून इथे यायच्या आणि मग नावेने पुढे जायच्या. आणि २०१२-१३ मध्ये लोकांनी हजारो जुनी हस्तलिखितं पेट्यांत भरून गुपचूप राजधानी बामाकोला नेऊन वाचवली, मला तर याचंच सगळ्यात जास्त कौतुक वाटतं.