आजीच्या ओव्या रंगमंचावर आणताना

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझी आजी पाटण तालुक्यातून परळच्या चाळीत नांदायला आली. तिच्या जात्यावरच्या ओव्या तुला कार्यक्रमात गायच्या आहेत आणि मधे स्वतःच्या कविता म्हणायच्या आहेत. बेत मनापासून आवडला. साथीला हार्मोनियम आणि तबला घेऊ का, असं तू विचारलंयस. घेऊ नकोस. कारण पुढे लिहिते. त्याआधी आजीकडून ओव्या नीट उतरवून घ्यायचं काम आहे, आणि तेच सगळ्यात मोठं आहे.

समोर फोन ठेवून "आजी, ओवी म्हण" असं म्हटलं की दोन-तीन ओव्यांनंतर बायकांना आठवेनासं होतं. ओवी त्यांनी कधी नुसती बसून म्हटलेलीच नसते. हात चालू लागला की पुढची ओवी आपोआप येते. घरात किंवा गावाकडे जातं असेल तर आजीला त्याच्याजवळ बसव. नसेल तर मांडीवर कापड पसरून तांदूळ निवडायला दे. सुपात निवडले तर खडखड ध्वनिमुद्रणात येते. शक्य झालं तर तिच्याच गावची एखादी जाऊ, नणंद, शेजारीण सोबत घे. एकीने उचललेली ओवी दुसरी पुढे नेते, विसरलेला शब्दही दुसरीच पुरवते.

एका बैठकीत ३० मिनिटांपेक्षा जास्त गाऊन घेऊ नकोस, गळा बसतो. पंखा आणि फ्रिज बंद, फोन विमान मोडवर आणि आजीच्या तोंडापासून हातभर लांब. डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ठेव. एमपी३मध्ये श्वास आणि दगडाची बारीक घरघर पुसट होते. प्रत्येक ओवी आधी गाऊन घे, मग तिच्याकडूनच सावकाश बोलून घे. गाण्यात शब्द ताणलेले आणि तुटलेले असतात, त्यामुळे नुसत्या गायनावरून लिहिलेली ओवी हमखास चुकते. तासाभराचं मुद्रण लिहून काढायला पाच-सहा तास जातील, तेवढा वेळ धरूनच बस. वहीत प्रत्येक ओवीपुढे आजीचं माहेर, सासर, ओवी कोणाकडून आली आणि कोणत्या प्रसंगी म्हणत, हे टिपून ठेव. मूळ फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी हव्यात.

काय विचारायचं, तेही सांगते. चाळीत पीठ गिरणीतून यायचं, त्यामुळे रोजचं दळण सुटलं. ओवी मात्र लगेच सुटली नाही. ती लग्नाची हळद दळताना राहिली, बारशाला पाळण्यापाशी राहिली, गौरी जागवताना गॅलरीत राहिली. "जात्यावरच्या ओव्या सांग" याऐवजी "हळदीला जातं कोणाकडून आणायचात?" असं विचारून बघ. गिरणगावात अनेक बायका खाणावळ चालवत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशाच खाणावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आजीने डबे दिले असतील तर भल्या पहाटेच्या त्या कामात ती काय गुणगुणायची, ते विचार. १८ जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कित्येक घरं गावी परतली. त्या परतीबद्दल एखादी ओवी निघाली तर तिला कार्यक्रमात जागा दे. गावात राहिलेल्या बायकांनी मुंबईला गेलेल्या नवऱ्या-भावांवर म्हटलेल्या ओव्या पुष्कळ आहेत. मुंबईत आलेल्या बाईची बाजू त्या मानाने कमी नोंदली गेली आहे, म्हणून तुझं काम मोलाचं आहे.

ताडून पाहायला हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ या अभ्यासकांनी जमवलेला ओव्यांचा संग्रह वापर. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या त्यात आहेत, आणि 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्यातल्या बऱ्याच वाचता-ऐकता येतात. मुळशी-मावळचा भरणा त्यात मोठा आहे, म्हणून आजीची ओवी तिथे वेगळ्या शब्दांत दिसेल. तिथला शब्द घेऊन आजीची ओवी दुरुस्त करू नकोस. ती 'ममई' म्हणत असेल तर तू 'मुंबई' म्हणू नकोस, 'पानी'चं 'पाणी' करू नकोस. शब्द प्रमाण केला की अक्षर वाढतं किंवा घटतं आणि यमक मोडतं.

आता गळा. ओवीच्या चालीला बायका गळा म्हणतात, आणि एकीचा गळा दुसरीसारखा नसतो. चाल तीन-चार सुरांतच फिरते, पण ते सूर हार्मोनियमच्या पट्ट्यांवर नेमके बसतीलच असं नाही, आणि गाता गाता पट्टी हळूहळू चढते. पेटी लावलीस की तू नकळत पेटीच्या सुरांकडे सरकशील आणि आजीचा गळा जाईल. तबल्याचं नुकसान याहून मोठं. जात्याचा फेरा एकसारखा नसतो. वैरण, म्हणजे मूठभर धान्य, जात्यात घातली की दगड जड होतो, फेरा लांबतो, आणि ओळही लांबते. ठेका त्या लांबण्याला जागाच देत नाही. तू सुगम संगीत शिकली आहेस, म्हणून हरकती आणि आवाजातला गोडवा आपसूक येईल, तो आवर. मोकळ्या, छातीतल्या आवाजात गा. पाठांतर नुसतं बसून करू नकोस, जात्याचा खुंटा, म्हणजे लाकडी मूठ, धरूनच कर. श्वास कुठे घ्यायचा हे खांद्याला समजतं.

स्वतःच्या ओव्या लिहिणार असशील तर एक जुना साचा पाहा. पहिल्या ओळीचा शेवट दुसऱ्या ओळीच्या मध्याशी जुळतो आणि शेवटचा तुकडा आखूड असतो. नमुन्याला ही एक रचून देते:

दुपारच्या पाळीला भोंगा वाजला गिरणीचा
जीव गं हरणीचा थरथरला

गाताना यात 'बाई', 'सये' असे शब्द भरले जातात आणि अर्धी ओळ पुन्हा फिरून येते. लिहिताना ती भर घालू नकोस, ती गळ्यात येऊ दे. आजीची ओवी कोणती आणि तुझी कोणती, हे प्रत्येक वेळी बोलून सांग. तू शहरातल्या भाड्याच्या खोलीवर किंवा लोकलवर लिहिलंस तरी चालेल, पण ते आजीच्या नावावर जाता कामा नये.

मंचावर खरं जातं ने. उचलायला दोन माणसं लागतात. खाली जाड गोणपाट, आणि त्याखाली रबराची चटई. लाकडी मंच पोकळ असेल तर तो ढोलासारखा घुमतो आणि शब्द बुडतात. खुंटा ढिला असेल तर आधीच पाचर मारून घे, तो मधेच निघाला तर गाणं थांबतं. जातं रिकामं फिरवू नकोस. दगडावर दगड घासून किरकिर होते आणि टाकीचे, म्हणजे छिन्नीने दगडावर पाडलेले, घाव बोथट होतात. २० मिनिटांना अर्धा-पाऊण किलो ज्वारी पुरते. नुकती टाकी लावली असेल तर सुरुवातीचं पीठ टाकून द्यायचं, त्यात कच येते. जात्याचा माइक जमिनीलगत, दीड-दोन फुटांवर, आणि ध्वनितंत्रज्ञाला त्यातले ८० हर्ट्झखालचे आवाज कापायला सांग. तुझा माइक डोक्याला लावलेला हवा, कारण दळताना अंग पुढे-मागे जातं आणि उभ्या माइकसमोर आवाज येत-जात राहतो.

पाऊण तासाच्या वर जाऊ नकोस. सुरुवात 'पहिली माझी ओवी' या मोजणीने, मग माहेर, भाऊ, सासुरवास, मुंबई. तुझ्या कविता मुंबईच्या भागात दोन किंवा तीन. कविता म्हणताना जातं थांबव आणि हात खुंट्यावरून काढ, म्हणजे दोन आवाज वेगळे कळतील. सासुरवासाच्या ओव्यांत खरी नावं येतात. ज्यांची नावं आहेत त्यांची मुलं-नातवंडं समोर बसलेली असू शकतात, म्हणून कोणती ओवी चारचौघांत गायची हे आजीला विचार आणि तिचा होकार मुद्रित करून ठेव. तिने नको म्हटलेली ओवी वहीतच राहील. मानधन मिळालं तर त्यातला वाटा तिचा, आणि तो आधी ठरव.

पहिला प्रयोग मोठ्या सभागृहात नको. तुमच्या गावच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या बायकांपुढे कर. त्या मधेच टोकतील, "आमच्यात असं नव्हतं म्हणत" म्हणतील, एखादी पुढची ओवी स्वतःच उचलेल. मुद्रण चालू ठेव आणि टोकलेलं सगळं लिहून घे.

पहिल्या बैठकीतला दहा मिनिटांचा तुकडा आणि त्याच ओव्या तुझ्या आवाजात, असं दोन्ही पाठव. आजीचा गळा तुझ्याकडे कुठे सुटतोय, ते ओळीओळीला खूण करून कळवते.