वाचकांचे प्रश्न : मणक्याचा फोटो काय दाखवतो, काय लपवतो

प्रश्न : मोटारसायकलवरून पडल्यावर भावाची मान दुखत होती. एक्स-रे 'नॉर्मल' आला, तरी डॉक्टरांनी कॉलर काढू दिली नाही आणि सीटी स्कॅन करायला लावला. एक्स-रे पुरेसा नव्हता का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नव्हता. डॉक्टरांनी योग्य तेच केले. मानेत ७ मणके असतात. बाजूने काढलेल्या फोटोत सातवा मणका आणि त्याखालचा पाठीचा पहिला मणका बहुतेकदा खांद्यांच्या सावलीत दडतात, आखूड मानेच्या किंवा धिप्पाड माणसात तर हमखास. पाठीच्या पहिल्या मणक्याची वरची कड दिसत नसेल, तर तो फोटो अपुरा समजायचा. त्यावर 'नॉर्मल' असा शेरा देताच येत नाही. चूक होण्याची दुसरी जागा अगदी वर, पहिल्या दोन मणक्यांपाशी. तिथला फोटो रुग्णाने तोंड मोठे उघडले तरच नीट निघतो आणि बेशुद्ध माणूस ते करू शकत नाही.

सीटीमध्ये मानेचे १ ते २ मिलिमीटर जाडीचे काप घेतले जातात आणि तेच काप संगणकावर बाजूने व समोरून पुन्हा रचून पाहता येतात. एक्स-रेमध्ये निसटणारी बारीक चीर त्यात दिसते. म्हणूनच मोठ्या माणसाच्या मानेला जोराचा मार असेल तर आता सीटी हीच पहिली तपासणी धरतात.

याचा अर्थ पडलेल्या प्रत्येकाचा सीटी काढावा असा नाही. मानेच्या मागे मधोमध दाबल्यावर दुखत नाही, माणूस पूर्ण शुद्धीवर आहे, दारू किंवा नशा केलेली नाही, हातापायांत कमजोरी वा बधिरपणा नाही, आणि लक्ष वेधून घेईल असे दुसरे वेदनादायक हाड मोडलेले नाही : या पाचही गोष्टी जुळल्या तर बहुधा फोटोचीही गरज पडत नाही. एक जरी बिनसली तरी तपासणी हवी.

मणका सरकला आहे का, हे पाहताना आम्ही मणक्यांच्या पुढच्या आणि मागच्या कडा जोडणाऱ्या रेषा बघतो. वरचा मणका खालच्यावर साधारण पाव भाग पुढे सरकला असेल तर एका बाजूचा सांधा निसटल्याचा संशय घेतात. निम्मा किंवा त्याहून अधिक सरकला असेल तर दोन्ही बाजूंचे सांधे निखळलेले असतात आणि मज्जारज्जूला मोठा धोका असतो. हाड जागच्या जागी दिसत असले, तरी दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यासमोरची मऊ ऊतींची सावली ७ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर आत रक्त साचले असण्याची शक्यता असते. तेवढ्या खुणेवरही पुढची तपासणी करावी.

प्रश्न : आई ६८ वर्षांची. एसटीच्या मागच्या सीटवर होती, गाडी स्पीडब्रेकरवरून आपटली आणि तेव्हापासून कंबर धरली आहे. एक्स-रेमध्ये 'कमरेचा पहिला मणका दबलेला' आहे. तो आताच दबला की जुनाच आहे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मागच्या सीटवर उसळी सर्वांत मोठी बसते, त्यामुळे हे दुखणे आम्हाला नवे नाही. छातीचा ताठ भाग जिथे संपतो आणि कमरेचा लवचिक भाग सुरू होतो, तिथेच, म्हणजे पाठीच्या बाराव्या आणि कमरेच्या पहिल्या मणक्यावर, असा दाब एकवटतो. हाडे ठिसूळ असतील तर मणका पुढून पाचरीसारखा चेपतो. मणक्याची उंची २० ते २५ टक्के घटली तर सौम्य, ४० टक्क्यांपर्यंत मध्यम, त्यापुढे गंभीर मानतात.

नवा की जुना, हे साध्या एक्स-रेवरून खात्रीने सांगता येत नाही. आधीचा एखादा फोटो घरात असेल, अगदी छातीचा असला तरी, तो शोधून न्या. तुलनेला फार उपयोगी पडतो. नाहीतर एमआरआय. त्यात चरबीचा उजेड दाबून टाकणारी 'स्टिर' नावाची चित्रांची मालिका असते. ताज्या मोडीत मणक्यात सूज असते, ती या मालिकेत पांढरी चमकते. जुना मणका शेजाऱ्यांसारखाच दिसतो. याच तपासणीत आणखी एक महत्त्वाची शंका फिटते. मणक्याची मागची भिंत फुगून बाहेर आली असेल, मागच्या कमानीच्या खांबांपर्यंत बिघाड पसरला असेल, किंवा भोवती गाठ असेल, तर कर्करोग तर नाही ना, हे तपासावे लागते. त्यानंतर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी जरूर करून घ्या, कारण एक मणका दबला की दुसरा दबण्याची शक्यता वाढते.

प्रश्न : वडील नारळाच्या झाडावरून पडले. सीटीत कमरेचा मणका 'बर्स्ट' लिहिला आहे. आता एमआरआयही सांगितला. दोन्ही का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : 'बर्स्ट' म्हणजे मणका दाबाने फुटून त्याचे तुकडे होणे. दोन्ही तपासण्या वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. सीटी हाड दाखवतो : किती तुकडे झाले, मागची भिंत फुटून किती तुकडा मज्जारज्जूच्या नळीत शिरला. एमआरआय हाडाभोवतीचे दाखवतो : मज्जारज्जूला सूज आहे की रक्तस्राव, दोन मणक्यांमधली चकती फाटली आहे का, आणि मुख्य म्हणजे मणके बांधून ठेवणारे पाठीमागचे अस्थिबंध शाबूत आहेत का. ते तुटले असतील तर फोटोत हाड बरे दिसूनही कणा डळमळीत असतो आणि शस्त्रक्रियेकडे कल जातो.

उंचावरून पायावर पडलेल्या माणसाची टाचही तपासून घ्या. टाच आणि कंबर एकाच वेळी मोडण्याचे प्रमाण चांगलेच आहे. शिवाय एक मणका मोडलेला सापडला की शोध तिथे थांबवू नये. दूरच्या दुसऱ्या पातळीवरही मोड असू शकते, म्हणून संपूर्ण कणा बघितलेला बरा.

पायांत नव्याने कमजोरी आली, मांड्यांच्या आतील भागात बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर उद्याची अपॉइंटमेंट चालणार नाही. त्याच दिवशी एमआरआय झाला पाहिजे.

प्रश्न : काकांना 'बांबू स्पाइन'चा आजार आहे. अंगणात घसरले, मान दुखते, पण मार किरकोळ वाटतो. थांबून पाहू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : थांबू नका. या आजारात, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये, कणा एकसंध दांड्यासारखा झालेला असतो, त्यामुळे किरकोळ पडण्यानेही तो आरपार मोडू शकतो, आणि ठिसूळ हाडात ती चीर एक्स-रेवर सहज निसटते. सीटी आणि बहुधा एमआरआयही लागेल, संपूर्ण कण्याचा. मान वाकलेली असेल तर ती तशीच, उशीचा आधार देऊन न्या. फळीवर सरळ झोपवायला किंवा कॉलर बसवायला मान ताणू नका. त्यात मज्जारज्जू चिरडू शकतो. टेबलावर उचलताना चौघांनी एकत्र, डोके धरणाऱ्याच्या इशाऱ्यावर, अंग एका रेषेत ठेवूनच वळवायचे. एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी पेसमेकर किंवा शरीरातील धातूची माहिती तंत्रज्ञांना द्या, आणि साधा लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर आत नेऊ देऊ नका.