कॅरॅमल कुठे थांबवायचं?

प्रश्न : ताई, मैत्रिणींना भेट द्यायला म्हणून मी घरी मऊ कॅरॅमल केलं. पहिल्या वेळी ते इतकं सैल राहिलं की कागदात गुंडाळेपर्यंत तुकड्यांचा आकारच गेला. दुसऱ्या वेळी तीच मापं घेतली, कृतीत दिलेली वीस मिनिटंही घड्याळ लावून धरली, तर दात टेकेना. साखर, क्रीम आणि बटर यांचं नेमकं प्रमाण सांगाल का?

उत्तर : प्रमाण सांगतेच, पण तुमचं बिनसलं ते प्रमाणामुळे नव्हे, त्या वीस मिनिटांमुळे. घड्याळावर कॅरॅमल होत नाही. पातेलं पसरट की उभट, आच किती, क्रीम फ्रीजमधून थेट काढलेलं की कोमट, एवढ्यानेही पाच-सात मिनिटं सहज मागेपुढे होतात. कॅरॅमल मऊ राहणार की कडक, हे ठरतं शेवटी त्यात किती पाणी उरलं यावर. पाणी उडत जातं तसा पाक दाट होतो आणि त्याचा उत्कलनबिंदू वर चढतो. म्हणून तापमान बघितलं की पाणी किती उरलंय ते कळतं. साध्या साखरेच्या पाकात ११२ ते ११६ अंश सेल्सियसला सुमारे १५ टक्के पाणी असतं, ११८ ते १२० ला सुमारे १३ टक्के, आणि त्यापुढे ते झपाट्याने कमी होत जातं. दोन टक्क्यांचा हा फरक दाताला लगेच कळतो. ११६ ला उतरवलेलं कॅरॅमल तुमच्या पहिल्या खेपेसारखं पसरतं, ११८ चं दाताखाली अलगद दबतं, १२० चं चावून खावं लागतं. भेट द्यायची असेल तर मी ११८ धरते. हवा उष्ण आणि दमट असेल तर १२०.

आता प्रमाण. साखर ३०० ग्रॅम, ग्लुकोज सिरप १५० ग्रॅम, जास्त स्निग्धांशाचं क्रीम ३०० मिलिलिटर, बिनमिठाचं बटर १०० ग्रॅम, मीठ एक सपाट छोटा चमचा, साखर भिजण्यापुरतं पाणी. २० सेंटिमीटरच्या चौकोनी साच्यात हे सव्वा ते दीड सेंटिमीटर जाडीचं बसतं आणि अडीच सेंटिमीटरचे ६४ तुकडे पडतात. साच्याला आधीच बटर पेपर लावून ठेवा, मागाहून धावपळ नको.

पातेलं जाड बुडाचं आणि मिश्रणाच्या तिप्पट मोठं घ्या. साखर, सिरप आणि पाणी मध्यम आचेवर ठेवा आणि साखर विरघळली की दोन मिनिटं झाकण ठेवा, म्हणजे कडांना चिकटलेले कण वाफेने खाली उतरतात. मग झाकण काढून, न ढवळता, पाक गडद सोनेरी होईपर्यंत शिजू द्या. दुसरीकडे क्रीम, बटर आणि मीठ गरम करून ठेवा. आच बंद करून ते बारीक धारेने पाकात ओता. मिश्रण उसळून वर येतं, वाफही जोरात येते, म्हणून लांब दांड्याचा चमचा घ्या आणि चेहरा बाजूला ठेवा. जवळ गार पाण्याचं भांडं असू द्या. साखरेचा पाक त्वचेला चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. अंगावर उडालाच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं, बर्फ लावायचा नाही.

पुन्हा मध्यम आचेवर ठेवल्यावर खरं काम सुरू होतं, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. सुरुवातीला बुडबुडे मोठे आणि पातळ असतात, फेस वर येऊन आपोआप बसतो. ११० च्या पुढे बुडबुडे लहान आणि जाड होतात, एकमेकांना चिकटून सावकाश फुटतात, आणि आवाज फसफशीचा न राहता फट्‌फट्‌ असा होतो. चमचा तळावरून ओढला तर मागे क्षणभर तळ दिसतो आणि मग भरून येतो. हा क्षण लांबायला लागला की नजर हलवू नका. मधल्या अंशांना बराच वेळ लागतो, शेवटचे तीन-चार मात्र भराभर चढतात. ११७ दिसलं की उतरवा, जाड बुडाची उष्णता पुढचा एक अंश चढवते. लगेच साच्यात ओता. पातेल्याच्या कडा खरवडून त्यात घालू नका, तिथे साखरेचे कण बसलेले असतात.

प्रश्न : माझ्याकडे पाकाचा थर्मामीटर नाही. त्याशिवाय जमेल का?

उत्तर : जमेल, आणि थर्मामीटर असला तरी ही परीक्षा करावीच. आपल्याला हवा आहे तो गोळीबंद पाकाच्याही थोडा पुढचा टप्पा. वाटीत अगदी गार पाणी घ्या, अर्धा चमचा मिश्रण त्यात सोडा, आणि तेवढ्यात पातेलं आचेवरून उतरवून ठेवा. बरेच जण इथेच चुकतात : परीक्षा चाललेली असते आणि तिकडे पातेल्यातलं मिश्रण शिजतच असतं. पाण्यातच बोटांनी गोळी वळा. वळलीच नाही, धागे सुटले, तर बराच वेळ आहे. वळली पण बाहेर काढताच चपटी झाली, तर अजून थोडं. बाहेर आकार धरून राहिली आणि बोटाने दाबल्यावर मात्र दबली, की झालं. मग ती गोळी खाऊन बघा. थंड झालेली ती गोळी म्हणजेच तुमचं तयार कॅरॅमल, उद्याही ते इतपतच मऊ असणार.

थर्मामीटर घेतलात तर आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा. समुद्रसपाटीला १०० दाखवायला हवं. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, साधारण ३०० मीटरला एक अंश कमी. तुमच्याकडे उकळतं पाणी ९८ दाखवत असेल, तर ११८ ऐवजी ११६ ला थांबा.

प्रश्न : ग्लुकोज सिरप मिळत नाही. नुसत्या साखरेचं केलं तर चालेल का?

उत्तर : नुसत्या साखरेचं करू नका, भेटीसाठी तर नकोच. साखरेचे रेणू संधी मिळताच एकत्र येऊन स्फटिक धरतात, आणि तो दाणा एकदा बसला की दोन दिवसांत सगळं कॅरॅमल रवाळ होतं. सिरपमधली वेगळी शर्करा त्यांच्या आड येते. सिरपच्या जागी तेवढाच मध चालतो. रंग गडद येतो आणि मधाची चवही स्पष्ट लागते, मला ती आवडते. तेही नसेल तर साखर आणि पाणी उकळताना अर्धा चमचा लिंबाचा रस घाला. आम्लामुळे थोडी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडते आणि तेच काम होतं.

रवाळ झालेलं टाकून देऊ नका. पातेल्यात अर्धी वाटी पाण्याबरोबर मंद आचेवर पूर्ण विरघळवा, कण जाईपर्यंत थांबा, मग पुन्हा ११८ पर्यंत आटवा. सैल राहिलेलं आणि कडक झालेलं, दोन्ही असंच सुधारतं. करपलेलं मात्र नाही, तो कडवटपणा कशानेही जात नाही.

प्रश्न : शिजवताना बटर सुटून वर तरंगायला लागलं. काय करावं?

उत्तर : आच मोठी होती किंवा थंड क्रीम गरम पाकात गेलं. आच अगदी मंद करा, चमचाभर उकळतं पाणी घाला आणि एकाच दिशेने सावकाश ढवळत राहा. बहुतेक वेळा मिळून येतं. मग नेहमीसारखं आटवा.

प्रश्न : माझं कॅरॅमल फारच गोडमिट्ट लागतं. साखर कमी केली तर घट्ट होत नाही. विकतच्यासारखी खोल चव कशी आणायची?

उत्तर : साखर तेवढीच ठेवा, तिला जास्त भाजा. साखरेचा पाक १७० अंशांच्या आसपास गडद सोनेरी होतो तेव्हा तिचा थोडा भाग मोडून कडसर, खमंग द्रव्यं तयार होतात आणि गोडी तेवढीच उतरते. फिकट पिवळ्यावर क्रीम ओतणाऱ्यांचं कॅरॅमल नुसतं गोड लागतं. तांबूस होऊ द्या, धुराची पहिली रेघ दिसायच्या आत क्रीम घाला. पुढे क्रीममधली प्रथिनं आणि शर्करा एकत्र तापून आणखी एक चव तयार होते. ही प्रक्रिया लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली. या टप्प्याला घाई केली की चव अर्धवट राहते, म्हणून आच मध्यमच.

आणि मीठ घाबरत घालू नका. फ्रान्सच्या ब्रिटनी भागात मिठावरचा जाचक राजेशाही कर लागू नव्हता, त्यामुळे तिथे लोणी खारवायची पद्धत रुळली. त्याच भागातल्या किबरों गावी आंरी ल रू यांनी १९७७ मध्ये खारं लोणी घालून केलेलं कॅरॅमल आज जगभर केलं जातं. अर्धं मीठ क्रीममध्ये घाला आणि उरलेलं जाड मीठ, साच्यात ओतल्यावर दहा मिनिटांनी, वरून भुरभुरा. गरम असताना घातलं तर विरघळून जातं.

प्रश्न : भेट किती दिवस आधी करून ठेवता येईल? फ्रीजमध्ये ठेवू का? डब्यात तुकडे एकमेकांना चिकटतात.

उत्तर : आठवडाभर आधी निश्चिंतपणे करा. हवाबंद डब्यात, गारशा जागी दोन आठवडे उत्तम राहतं. फ्रीज नको. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं, आणि कॅरॅमल हवेतलं पाणी आधीच ओढून घेतं. चिकटण्याचं कारणही तेच. म्हणून कापल्या कापल्या गुंडाळायचं, उद्यावर टाकायचं नाही.

साच्यात रात्रभर बसू द्या. लांब पात्याच्या सुरीला तेलाचं बोट लावा आणि पुढेमागे न करवतता वरून सरळ दाबा. कागद मेणाचा किंवा सेलोफेनचा, साधारण १० बाय १२ सेंटिमीटरचे तुकडे आधीच कापून ठेवलेले. हे काम दोघांनी बसून करावं, एकाने कापावं आणि दुसऱ्याने गुंडाळावं. एकट्याने केलं तर शेवटच्या तुकड्यांपर्यंत हात चिकट होतात आणि कागद फाटतो.

डब्यावर छोटी चिठ्ठी लावा : दूध आणि बटर आहे, कोणत्या तारखेला केलं, कधीपर्यंत खावं. मध घातला असेल तर तेही लिहा, कारण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो. घरात चार-पाच वर्षांची मुलं असतील तर त्यांच्या आईबाबांना समोरासमोर सांगा. चिवट तुकडा घशात अडकू शकतो, आणि चिठ्ठी मुलं वाचत नाहीत.