पाळकांच्या विभागीय परिषदेला किती वक्ते असावेत?

आपल्या विभागातील पाळकांसाठी, म्हणजे ख्रिस्ती मंडळ्यांच्या धर्मसेवकांसाठी, तीन दिवसांची परिषद भरवायची आहे, तिच्यातून प्रशिक्षणही व्हावे आणि उत्तेजनही मिळावे, तर वक्ते किती बोलवावेत आणि विषय कोणते ठेवावेत, असे आपण विचारले आहे. वक्त्यांचे उत्तर लगेच देतो. दोघे पुरे, आणि त्या दोघांनी पहिल्या सायंकाळपासून शेवटच्या प्रार्थनेपर्यंत तिथेच मुक्कामाला राहावे. आपला संदेश आटोपून पुढच्या कार्यक्रमाला निघून जाणारा वक्ता कितीही नामांकित असला, तरी तो पाळकांच्या परिषदेच्या कामाचा नाही. बाकीच्या गोष्टींबद्दल मात्र सविस्तर लिहावे लागेल, कारण या विषयावर मी आमच्या विभागाच्या समितीत बरीच वर्षे वाद घातला आहे आणि माझे मत आजही तसूभर बदललेले नाही.

पाळक हा आठवडाभर दुसऱ्यांसाठी बोलणारा माणूस असतो. रविवारचा उपदेश, आठवड्यातील प्रार्थनासभा, आजाऱ्याच्या उशाशी केलेली प्रार्थना, अंत्यविधीच्या वेळचे सांत्वनाचे शब्द, मोडायला आलेल्या संसारात केलेली मध्यस्थी, या सगळ्यांत त्याचे शब्द खर्च होत असतात. आपला उपदेश शास्त्राला धरून झाला की नाही, हे त्याला जाणकाराकडून क्वचितच कळते. उपासना संपल्यावर दारात उभे राहिले की "फार छान झाले, पाळकसाहेब" एवढेच कानावर पडते. त्याचे स्वतःचे मन खचले, तर ते मंडळीत बोलून दाखवता येत नाही. वरिष्ठांना सांगावे तर बदलीची धास्ती असते, आणि घरी सांगावे तर पत्नी आधीच त्याच ओझ्याखाली असते. अशा माणसाला तीन दिवस खुर्चीवर बसवून त्याच्यासमोर एकामागून एक भाषणे करणे, याला मी प्रशिक्षणही म्हणणार नाही आणि उत्तेजनही म्हणणार नाही.

मी सेवेत नवा असताना एका परिषदेला गेलो होतो, तिथून माझे हे मत तयार झाले. त्या आयोजकांची एकच अट होती: प्रत्येकाने अलीकडे आपल्या मंडळीत प्रत्यक्ष दिलेल्या एका उपदेशाचा आराखडा सोबत आणावा, परिषदेसाठी नवा तयार करू नये. आम्हांला सहा-सहा, सात-सात जणांच्या गटांत बसवले होते आणि प्रत्येक गटाला एक ज्येष्ठ पाळक दिला होता. आमच्या गटाचे ज्येष्ठ सेवानिवृत्त झालेले होते आणि त्यांच्याजवळ बायबल व एक वही यांखेरीज काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी गटातील एका पाळकांनी बायबलमधील १ राजे या पुस्तकातल्या, एलीया संदेष्ट्याविषयीच्या १९ व्या अध्यायावरील आपला आराखडा वाचला. एलीया घाबरला, एलीया पळाला, एलीयाने मरण मागितले, असे तीन मुद्दे होते. आणि मंडळीला बोध असा की, कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला पाहूनही हा माणूस विश्वासात कमी पडला, तेव्हा आपण तसे न करता उठावे आणि कामाला लागावे. मांडणी सुटसुटीत होती, आवाज खणखणीत होता, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्येष्ठांनी आराखडा वाखाणला नाही आणि खोडूनही काढला नाही. त्यांनी त्या पाळकांनाच तिसऱ्या वचनापासून आठव्यापर्यंत सावकाश पुन्हा वाचायला सांगितले आणि मग एकेक प्रश्न विचारला. देवदूत एलीयाला किती वेळा स्पर्श करतो? दोनदा. दोन्ही वेळा काय सांगतो? ऊठ, खा. मधल्या वेळात एलीया काय करतो? पुन्हा निजतो. त्याला रागावल्याचा एक तरी शब्द तिथे आहे का? नाही. "एलीया, तू येथे काय करतोस?" हा प्रश्न देव त्याला केव्हा विचारतो? झोप झाल्यावर, भाकर आणि पाणी मिळाल्यावर, चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालून तो होरेब डोंगरास पोहोचल्यावर. मग ज्येष्ठांनी आम्हांला परत तिसऱ्या वचनाकडे नेले. तिथे लिहिले आहे की, एलीयाने आपल्या सेवकाला बैर-शेबा येथे ठेवले, आणि पुढे रानात तो एकटाच गेला. "आता अध्यायाचा शेवट पाहा," ते म्हणाले. "सात हजार लोक मी राखून ठेवले आहेत, असे देव त्याला सांगतो आणि अलीशाला त्याच्याबरोबर देतो. सोबत मागे टाकून आलेल्या माणसाला देवाने सोबत दिली. हे तुमच्या उपदेशात कुठे आहे?"

ते पाळक बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी आपल्या बायबलच्या मागच्या पानांतून घडी घातलेला एक कागद काढून सतरंजीवर आमच्या मधोमध ठेवला. तो त्यांचा राजीनामा होता; सही केलेली होती, तारखेची जागा तेवढी कोरी होती. मंडळीत दोन तट पडले होते, कित्येक महिन्यांत त्यांना धड झोप लागली नव्हती, शनिवारची रात्र आली की छातीत धडधड सुरू होई, आणि त्या रविवारी एलीयाच्या नावाने ते स्वतःलाच दटावत होते.

त्यानंतर ज्येष्ठांनी जे केले, त्याला मी उत्तेजन म्हणतो. त्यांनी धीर धरण्यावर प्रवचन सुरू केले नाही. त्यांनी वही उघडली आणि विचारले की, येते चार रविवार यांच्या मंडळीत उपदेशाला कोण जाईल. तिघे पुढे आले, त्यांतला एक मी होतो. आमची नावे आणि तारखा वहीत लिहिल्या गेल्या. त्या मंडळीच्या वडीलजनांना, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या पुढाऱ्यांना, कोण भेटेल आणि कोणत्या शब्दांत सांगेल, तेही ठरले. डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर कोण जाईल, हे ठरले. हे सर्व लिहून झाल्यावर प्रार्थना झाली. ते पाळक सेवेत टिकले, आजही उपदेश करतात, आणि हा प्रसंग इतरांना सांगावा अशी त्यांचीच इच्छा आहे.

शास्त्रभाग नीट वाचण्याचे इतके चांगले शिक्षण मला सेमिनरीच्या, म्हणजे पाळकांना शिकवणाऱ्या विद्यालयाच्या, वर्गातही क्वचितच मिळाले होते, आणि ज्या प्रश्नांनी तो उपदेश दुरुस्त झाला, त्याच प्रश्नांनी तो माणूसही सावरला. म्हणून प्रशिक्षणाला सकाळ आणि उत्तेजनाला संध्याकाळ अशी विभागणी मला मुळातच पटत नाही.

पुढे मी आमच्या विभागाच्या समितीवर आलो, तेव्हा प्रत्येक दिवसाचा निम्मा वेळ अशा गटांना द्यावा, असे मी सुचवले. आमच्या तेव्हाच्या चिटणिसांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे दोन प्रकारचे होते. एक म्हणजे, लोक वक्त्यांची नावे वाचून येतात. गटांत बसायला कोणी प्रवास करून येणार नाही. दुसरे म्हणजे, पाळकांनी एकमेकांसमोर आपली दुर्बलता उघड केली की त्यांचा मान राहत नाही आणि बोललेले मंडळीपर्यंत पोहोचते. समितीने त्यांचे ऐकले. त्या वर्षी व्यासपीठ गजबजलेले होते, छायाचित्रे उत्तम आली, प्रमाणपत्रे वाटली गेली, आणि पाळकांना जे बोलायचे होते, ते त्यांनी मध्यरात्र उलटेपर्यंत वसतिगृहाच्या व्हरांड्यात उभे राहून आपापसांत बोलून घेतले. त्या व्हरांड्याला कार्यपत्रिकेत जागा द्यावी, एवढीच माझी मागणी होती आणि आहे.

पाळकांना बोलू देण्याची ही धास्ती जुनी आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये एकेका भागातील पाळक ठरावीक दिवशी एकत्र जमत, एकाच शास्त्रभागावर पाळीपाळीने बोलत, आणि एखादा विद्वान पाळक त्यांच्या विवेचनातील उणिवा दाखवून देई. कमी शिकलेल्या पाळकांसाठी याहून चांगली शाळा त्या काळी नव्हती. एलिझाबेथ राणीला मात्र अशा बैठका धोक्याच्या वाटत. एका परगण्याला तीन-चार उपदेशक पुरेत, असे तिचे मत होते. १५७६ मध्ये तिने त्या बंद करण्यास सांगितले, तेव्हा कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड ग्रिंडल यांनी पत्र लिहून नकार दिला, आणि १५७७ मध्ये त्यांना पदाच्या कामकाजातून दूर करण्यात आले. ज्या गोष्टीसाठी एका आर्चबिशपांनी आपले पद पणाला लावले, ती गोष्ट आपण केवळ कार्यपत्रिकेत वेळ नाही म्हणून सोडून देतो, याचे मला मनापासून दुःख होते.

मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७४४ मध्ये लंडनला आपली पहिली परिषद भरवली, तेव्हा ते धरून अवघे १० जण हजर होते. काय शिकवावे, कसे शिकवावे आणि काय करावे, हे त्यांच्यापुढचे प्रश्न होते, आणि त्या परिषदेचे इतिवृत्तही प्रश्नोत्तरांच्या रूपानेच लिहिले गेले. आपण विषय विचारले आहेत. हे तीन प्रश्न जसेच्या तसे उचलले तरी तीन दिवस भरून निघतील. त्याहून मागे जायचे तर बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा २० वा अध्याय वाचावा. प्रेषित पौल इफिस शहरी न थांबता मिलेताला उतरतो आणि इफिसच्या वडीलजनांना तिथे बोलावून घेतो. त्याच्या त्या भाषणात माहिती थोडी आहे. आपले अश्रू, आपल्यावर आलेली संकटे, स्वतःच्या हातांनी केलेले काम, याबद्दल तो मोकळेपणाने बोलतो. लक्ष द्या, असे सांगताना तो आधी स्वतःकडे म्हणतो आणि मग कळपाकडे. शेवटी सगळे गुडघे टेकून प्रार्थना करतात आणि त्याच्या गळ्यात पडून रडतात. दुर्बलता दाखवली की मान जातो, असे म्हणणाऱ्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा.

बातमी फुटण्याची भीती मात्र खरी आहे, आणि तिच्यावर उपाय आहेत. ज्याच्या हातात बदली, बढती किंवा मानधन आहे, अशा व्यक्तीला गटात बसवू नये. बिशप किंवा अधीक्षक कितीही प्रेमळ असले तरी त्यांच्यासमोर कोणी मोकळे होत नाही. एकाच मंडळीतील दोन पाळक एका गटात घालू नयेत. गट ओळखीवरून न पाडता राहण्याच्या अंतरावरून पाडावेत, म्हणजे परिषद संपल्यावरही तेच लोक महिन्याकाठी भेटू शकतील. गटाला ज्येष्ठ निवडताना त्याचे वक्तृत्व पाहू नये, त्याला ऐकून घेता येते का ते पाहावे.

अभ्यासासाठी पवित्र शास्त्रातील एकच लहान पुस्तक घ्यावे. २ तीमथ्य हे मला सर्वांत योग्य वाटते. चारच अध्याय आहेत, तुरुंगातून एका वयस्क सेवकाने तरुण सेवकाला लिहिले आहे, आणि जे ऐकलेस ते विश्वासू माणसांना सोपवून दे म्हणजे ती इतरांना शिकवतील, ही प्रशिक्षणाची सगळी साखळी दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात आहे. मंडळीचे हिशेब, मुलांची सुरक्षितता, आत्महत्येनंतरचा अंत्यविधी यांसारख्या व्यवहाराच्या विषयांना एखादी दुपार द्यावी. सगळे कामकाज पाळक ज्या भाषेत प्रार्थना करतात, त्याच भाषेत चालावे. परिषद सोमवारी सायंकाळी सुरू करून गुरुवारी दुपारी संपवावी, कारण शुक्रवारपासून पाळकाचे चित्त रविवारवर असते.

काही मर्यादाही सांगतो. तीन दिवसांत कोणी पाळक घडत नाही. ग्वातेमालातील प्रेस्बिटेरियन सेमिनरीने १९६३ मध्ये विस्तारित ईश्वरविज्ञान शिक्षण सुरू केले, ते याचसाठी की, संसार आणि मंडळी सोडून निवासी शिक्षणाला येऊ न शकणाऱ्या सेवकांना जागेवरच अभ्यास करता यावा आणि शिक्षकांनी ठरावीक काळाने त्यांच्याकडे जावे. आपल्या परिषदेला अशा चालू अभ्यासाची जोड नसेल, तर तिच्याकडून प्रशिक्षणाची फार अपेक्षा धरू नये. नैराश्य हा आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. गटातील प्रार्थना ही उपचाराच्या जागी नसते. गटात गुपित राखण्याचे वचन गुन्ह्याला लागू नाही; कोणाला, विशेषतः मुलांना, इजा होत असल्याचे कळले तर ते योग्य ठिकाणी कळवावेच लागते, आणि हे पहिल्या बैठकीतच स्पष्ट सांगावे. मोठ्या सभेतील एकत्र गायनाचे आणि उत्तम उपदेशाचेही मोल मी नाकारत नाही. दहा-बारा जणांच्या मंडळीत वर्षभर एकट्याने गीत उचलणाऱ्या पाळकाला शेकडो आवाजांत आपला आवाज मिसळून गाता येणे, ही मोठी गोष्ट आहे. माझे म्हणणे दिवसाच्या वाटणीपुरते आहे.

राहिला चिटणिसांचा पहिला आक्षेप. पहिल्या वर्षी माणसे खरोखरच कमी येतील, त्याची समितीने आधीच तयारी ठेवावी आणि संख्येवरून परिषद फसली असे ठरवू नये. निमंत्रण पाळकाला एकट्याला न पाठवता त्याच्या मंडळीच्या वडीलजनांनाही पाठवावे. परिषदेचे दिवस रजेत धरू नयेत, प्रवासखर्च मंडळीने द्यावा, आणि परत आल्यावर आपल्या पाळकाने तिथे काय बोलले हे कोणी विचारू नये, अशी विनंती त्या पत्रात स्पष्ट शब्दांत करावी.